लाईनीवर वजन टाका

बावीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढलेल्या माणसाच्या घरात टेलिफोन नव्हता. औंढ्यात नवीन माणूस आला की ही गोष्ट त्याला हमखास सांगितली जायची. मामांना कुणी छेडलंच तर ते शांतपणे म्हणत, "साऱ्या गावाच्या घंट्या ऐकल्या. आता घरात काहून पाहिजे?"

सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा. मूळचे सेनगावकडच्या तांड्यावरचे, पण नोकरीत औंढ्याला आले आणि इथलेच झाले. एकदा खांबावरून पडून गुडघा गेला, तेव्हा त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि नागनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खताच्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर क्लास काढला. स्वतःला कॉम्प्युटर चालू करण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण ज्याला वायर जोडलेली आहे ते सगळं आपल्या खात्यातलं, अशी त्यांची ठाम समजूत होती. क्लासात चार कॉम्प्युटर होते. दोन चालत, तिसरा लहर आली तर चाले, आणि चौथ्याच्या पोटातलं सामान काढून हे तिघं जगत.

मी तिथं शिकवायला होते. दोन हजार पाच-सहाचा काळ. नांदेडहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नुकतीच आले होते आणि आपल्याला सगळं येतं, अशी माझी खात्री होती. मामा मला 'मॅडम' म्हणत आणि 'तुमी' म्हणत. त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षा मी लहान होते. सुरुवातीला मला वाटे, हा माणूस आपली थट्टा करतोय. मग कळलं, मामांना थट्टा करताच येत नव्हती.

कुणाच्याही घरी गेले की मामा आधी वर बघत. आढ्याकडे, कौलांच्या फटीकडे, वायर आत कुठून आली तिकडे. घरची माणसं 'या, बसा' म्हणतायत आणि हे मान वर करून भिंतीच्या कडेकडेनं चाललेत. गळ्यात दोरीनं बांधलेला स्क्रू ड्रायव्हर कायम असे. लग्नातही असे. एका लग्नात नवरीच्या आईनं तो काढून ठेवा म्हणून विनवलं, तर म्हणाले, "फेटा काढतो, ह्ये न्हाई." आणि खरंच फेटा काढून बसले.

त्यांची एक रीत होती, तिला ते 'अर्धं करणं' म्हणत. दहा किलोमीटरची तार कुठंतरी तुटली असेल तर सगळी तपासत बसायची नाही. मधल्या खांबावर चढायचं. तिथवर आवाज येतो का बघायचं. येत असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. असं चार-पाचदा केलं की दोष हातात येतो. इथवर ठीक. पण मामांनी ही रीत संसारालाही लावली होती. भाचीच्या लग्नात वरण कडू झालं. बायका एकमेकींना बोल लावायला लागल्या. मामांनी दोन पातेली मागवली, अर्धं सामान एकात, अर्धं दुसऱ्यात, असं शिजवत बसले. दुपारी तीनला त्यांनी सिद्ध केलं की दोष तेलाच्या दुसऱ्या डब्यात आहे. मामी हा किस्सा सांगून शेवटी म्हणत, "माणसं उपाशी गेली, पण दोष घावला."

त्यांचं दुसरं वाक्य होतं: "तक्रार खोटी नसती." कॉम्प्युटर बिघडला की शिकणारी पोरं काहीच्या बाही सांगत. मी लगेच म्हणायची, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल. मामा मला थांबवत. "मॅडम, दुखतंय तिथं बोट ठेवता येत न्हाई लोकांना. जागा चुकीची सांगतात. पण दुखतंय ह्ये खरं असतंय." मला हे बोलणं ऐकायला बरं वाटायचं आणि काम करताना डोक्यात जायचं.

आता त्या चार दिवसांबद्दल सांगते. मामा म्हटलं की मला तेच आठवतात.

आमच्या क्लासात इंटरनेट होतं, पण उसनं. शेजारच्या खतवाल्यांना त्यांच्या कंपनीनं मागणी नोंदवायला कॉम्प्युटर दिला होता आणि त्याला ब्रॉडबँड जोडलं होतं. ते बसवायला आलेल्या इंजिनिअरला मामांनी भिंतीला भोक पाडून वायर ओढून दिली, दोन दिवस जेवू घातलं, आणि जाता जाता त्याच्याकडून त्या कनेक्शनला आमचा एक कॉम्प्युटर जोडून घेतला. खतवाल्यांचा कॉम्प्युटर चालू असेल तोवर आम्हाला नेट. त्यांनी बंद केला की आम्ही आंधळे. त्यांच्या कॉम्प्युटरवर कंपनीच्या कामाशिवाय काही करता येत नसे. सीडी चालत नसे, फ्लॉपी चालत नसे, कंपनीची पत्रं सोडून मेल उघडत नसे. पासवर्ड कंपनीकडे. आमच्या कॉम्प्युटरवर मात्र पानं उघडत, दोन-चार ओळींचं पत्रही जाई. मोठं काही पाठवायची वेळ तोवर आली नव्हती.

सोमवारी गयाबाई आली.

ती औंढ्याजवळच्या धनगरवस्तीवरची. लग्न होऊन पुसेगावकडे गेलेली, पण नवरा अरबांच्या देशात मेंढरं राखायला गेल्यापासून दोन लेकरांना घेऊन भावाकडे राहत होती. मामा तिला लहानपणापासून ओळखत, कारण तिच्या बापाच्या मेंढवाड्याशेजारच्या खांबावर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तिनं पिशवीतून पाच कागद काढून टेबलावर मांडले. नवऱ्याच्या पासपोर्टची झेरॉक्स, नोकरीचा करार, रेशनकार्ड, सरपंचाचा दाखला आणि तिच्या अंगठ्याचा अर्ज.

"त्याहिचा पासपोट मालकानं ठेवून घेतला," ती म्हणाली. "पगार न्हाई, घरी सोडत न्हाई. आता त्ये पळून आलेत. तिथल्याच एका हैदराबादच्या साहेबानं ठेवून घेतलंय. त्यो म्हन्तो, शनवारी कचेरीत पेशी हाय. त्ये कोन हायेत ह्ये दाखवायला कागदं पाहिजेत. न्हाई दिसली तर पुन्ना त्याच मालकाकडं."

एस.टी.डी. बूथवरून तिनं तीनदा फॅक्स केला होता. तिकडे तिन्ही वेळा काळे कागद निघाले. आता त्या साहेबानं ई-मेलचा पत्ता दिला होता, भावानं तो वहीच्या पानावर चितारून आणला होता. तिकडे शुक्रवारी सुट्टी. म्हणजे कागद गुरुवारी दुपारपर्यंत पोचायलाच हवे होते.

मी कागद स्कॅन केले आणि पाठवले. पडद्यावरची निळी पट्टी थोडी सरकली आणि थांबली. दहा मिनिटांनी 'एरर' आली. पुन्हा पाठवले, पुन्हा तेच. एकेक कागद पाठवला, आकार लहान केला, वेबवरून पाठवून पाहिलं. सगळं अडकत होतं. नुसतं 'नमस्कार' लिहून पाठवलं की जात होतं. मंगळवारी सकाळी मी नांदेडच्या वर्गमित्राला बूथवरून फोन केला. त्यानं त्या काळात सगळ्या आजारांवर असलेलं एकच औषध सांगितलं, विंडोज परत टाक. मी परत टाकलं. दुपार गेली. फरक शून्य.

मी शिकवणीला म्हणून पुढच्या खोलीत गेले आणि तेवढ्यात मामांनी त्यांची रीत वापरली. परत येऊन बघते तर मामा स्टुलावर उभे, एका हातात पकड, आणि दोन्ही दुकानांमधली वायर बरोबर मधोमध कापलेली.

"अर्धं केलं," ते म्हणाले. "आता बघू, दोष कोनच्या बाजूला हाय."

मी ओरडले. खरंच ओरडले, बाहेरच्या पोरांनी दारातून डोकावलं. टेलिफोनच्या तारेचे दोन धागे पिळून जोडले की काम होतं. या वायरीत आठ धागे असतात आणि टोकाला क्लिप नीट बसवावी लागते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आठही धागे एकाला एक पिळून, वर चिकटपट्टी लावून पाहिली. आता 'नमस्कार'सुद्धा जाईना.

"मामा, सोडून द्या," मी म्हणाले. "आपल्याच्यानं होणार नाही हे."

"तकलीफ माझ्यामुळं वाढली," ते म्हणाले. "वायर मी काटली. व्हय, चुकलो. पर सोडायचं काहून?"

बुधवारी मी गयाबाईला घेऊन हिंगोलीला गेले. कागदांची सीडी बरोबर होती, कॅफेतून पाठवून मोकळं व्हावं असा हिशेब. दोन कॅफे होते. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं. रस्त्याच्या खोदकामात त्या भागातली केबल तुटलेली, दोन दिवस झाले नेट नाही, उद्याचंही सांगता येत नाही. मी नवीन क्लिपा आणि त्या बसवायची पकड घेतली आणि आम्ही बसस्टँडवर येऊन बसलो. गयाबाई पिशवीतले पाच कागद पुन्हा पुन्हा मोजत होती. मला त्या मोजण्याचा त्रास व्हायला लागला. शेवटी मी म्हणाले, "ताई, खरं सांगू का? आता ते होणं नाही. तुम्ही घरी जा, लेकरांकडे बघा. मामांच्या नादी लागू नका."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "मामा म्हनले, उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "मी येनार हाय."

मी दुसरीकडे बघत बसले, बस येईपर्यंत.

गुरुवारी सकाळी साडेसातला मी पोचले तेव्हा मामा आणि गयाबाई दारात बसलेच होते. खतवाल्यांना मामांनी पहाटेच घरी जाऊन उठवलं होतं आणि दुकान उघडायला लावलं होतं. त्या आठवड्यात आमचं लोडशेडिंग अकरापासून दोनपर्यंत होतं. म्हणजे अकराच्या आत.

मी क्लिपा बसवल्या. नेट परत आलं. कागद पाठवले. पट्टी सरकली, थांबली. मंगळवारी होतो तिथंच येऊन उभे राहिलो होतो.

लाईन तपासायची एक आज्ञा असते. ती आपल्या कॉम्प्युटरवरून दूरच्या कॉम्प्युटरला हाक मारते आणि तो ओ देतो. मी हाक मारली. चार हाकांना चार उत्तरं आली. "बघा," मी म्हणाले, "लाईन ठीक आहे. दोष लाईनीत नाही."

मामा पडद्याकडे बघत होते. इंग्रजी त्यांना जेमतेम येई. "मॅडम, हाक किती मोठी मारली?"

"हाक म्हणजे हाक, मामा. मोठी-लहान काय असतं त्यात?"

"असतंय. खांबावर बसून कान लावला की टोन यायचा. आमी म्हनायचो, लाईन ठीक हाय. गिऱ्हाईक म्हनायचं, घंटी वाजत न्हाई. आमी त्यालाच खोटं पाडायचो. मंग कळलं, जोड गंजला असला की टोनापुरता चालतो. घंटीचा जोर आला की बसतो." त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "हॅलो म्हनून ठीक म्हनू नका. लाईनीवर वजन टाका."

मला राग आला, आणि त्याच वेळी त्यांचं खरं असेल अशी शंकाही आली. मी पुस्तक काढलं. हाकेचा आकार आपल्याला ठरवता येतो, हे त्यात लिहिलेलं होतं. डिप्लोमाला मी ते पान वाचलंही होतं. आकार सांगितला नाही तर ती हाक फक्त बत्तीस अक्षरांची जाते. मी बत्तीस अक्षरांची हाक मारून लाईनीला प्रमाणपत्र देत होते!

हाकेचे तुकडे करू नकोस, असं कॉम्प्युटरला बजावून मी हजार अक्षरांची हाक मारली. गेली. पंधराशेची मारली. नाही गेली.

मामा खडू घेऊन पत्र्याच्या भिंतीशी उभे राहिले. "अर्धं करा."

साडेबाराशे. गेली. पावणेचौदाशे. गेली. चौदाशे चाळीस. गेली. चौदाशे सत्तर. उत्तर नाही. मामा लिहीत होते, गेलेल्याला टिंब, अडकलेल्याला फुली. गयाबाई दाराशी बसून माझ्यामागून म्हणत होती, "गेली... न्हाई गेली." चौदाशे पंचावन्न गेली. बासष्ट गेली. सहासष्ट अडकली. चौसष्ट गेली. पासष्ट अडकली. पुन्हा मारून पाहिली. चौसष्ट गेली, पासष्ट अडकली.

मामांनी दोन्ही आकड्यांमध्ये रेघ ओढली. मग गयाबाई म्हणाली, "म्हंजी मेंढराच्या जाळीचं तोंड लहान हाय आन् दांडगं मेंढरू घालून राहिलो आपन."

इतकं सोपं मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. मेल तुकड्यातुकड्यांनी जाते. आमचा कॉम्प्युटर तुकडे मोठे कापत होता, खतवाल्यांच्या कनेक्शनच्या दारातून त्याहून थोडे लहानच जात, आणि त्यांच्या कॉम्प्युटरमधला पहारेकरी प्रोग्राम अडकलेल्या तुकड्याची आम्हाला खबरही देत नव्हता. दोन ओळींचं पत्र एकाच लहान तुकड्यात निघून जाई. कागद म्हटला की मोठे तुकडे आलेच.

दहा पस्तीसला मी बूथकडे पळाले. नांदेडच्या मित्राला नुसता आकडा सांगितला, चौदाशे चौसष्ट. तो ओरडला, "अगं, मग हे परवा का नाही सांगितलंस? त्यात अठ्ठावीस मिळव!" अठ्ठावीस कशाचे ते सांगायला लागला, मी म्हणाले, ते नंतर. कुठं लिहायचं ते सांग. तळहातावर लिहून घेतलं आणि पळत आले. आकडा घातला. आता कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला हवा होता, आणि आमचं ते यंत्र उठायला पाच मिनिटं घ्यायचं. मामा त्याच्यापुढे हात जोडल्यासारखे उभे. घड्याळात दहा एक्कावन्न.

मी पाचही कागद एकदम जोडले. खरं म्हणजे एकेक पाठवणं शहाणपणाचं होतं, पण वेळ नव्हता. पट्टी सरकली. जिथं थांबायची तिथं आली. आणि पुढे गेली. मी आयुष्यात कुठल्याही गोष्टीकडे इतक्या एकटक बघितलेलं नाही. पट्टी भरली, खिडकी मिटली, मेल गेली. दोन मिनिटांनी पंखा थांबला. अकरा वाजले होते.

आता पोचली की नाही हे दोनपर्यंत कळायला मार्ग नव्हता. मी म्हणाले, घरी जाऊन जेवून येऊ. कुणी उठलं नाही. मामींनी भाकरी आणि पिठलं पाठवलं, ते आम्ही तिथंच खाल्लं. दोनला लाईट आली. खतवाले जेवण अर्धं टाकून आले, त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, मी आमचा केला. उत्तर आलेलं होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं हिंदी, एकच ओळ. पाचही कागद मिळाले, साफ आहेत, फिकर करू नका.

"पोचली?" गयाबाईनं विचारलं.

"पोचली."

तिनं पदर तोंडाला लावला. मी आनंदानं टाळ्या वाजवत होते. मामा स्क्रू ड्रायव्हर गळ्यात नीट करत म्हणाले, "मॅडम, कागद गेले. मानूस कुठं आलाय?"

त्यानंतर जवळजवळ दोन महिने रोज सकाळी क्लास उघडल्यावर पहिलं काम म्हणजे मामा माझ्यामागे उभे राहत आणि मी मेल उघडत असे. त्या साहेबाचं पत्र आलेलं नसलं तर ते माझ्याकडून एक ओळ लिहून घेत. 'साहब, क्या हुआ?' दर दोन दिवसांनी तीच ओळ. मला लाज वाटायची. मी एकदा म्हणाले, माणूस वैतागेल. मामा म्हणाले, "वैतागू द्या. इसरू नये."

मग एका दुपारी गयाबाई दारात आली. तिच्यामागे एक माणूस होता, रापलेला, वाळलेला, अंगात नवा शर्ट, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. धाकटं लेकरू त्याच्या कडेवर होतं आणि त्याच्याकडे परक्यासारखं बघत होतं.

मामांनी त्याला खुर्ची दिली. पाणी दिलं. मग विचारलं, "कागदं नीट दिसली का तिथं? की पुसट होती?"

"नीट दिसली," तो म्हणाला. आवाज फार हळू होता, बोलायची सवय गेल्यासारखा. "साहेबानं टेबलावर मांडली, एकाला एक लावून. पाच. इचारलं, ह्ये तुझंच का? मी फोटोवर बोट ठेवलं." त्यानं लेकराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "दीड साल मी वाळूत व्हतो, मामा. मेंढरं आन् मी. मला वाटायचं, मागं आता कोनी शोधून राहिलं नसंल. मी बी सोडून दिलतं. मंग ती कागदं पाह्यली."

मामांनी चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून तो बराच वेळ पुसत राहिले.

तो माणूस उठला. लेकरू बायकोकडे दिलं आणि माझ्यासमोर येऊन दोन्ही हात जोडून वाकला. "ताई, तुमी पाठवली म्हनं."

गयाबाई त्याच्यामागे उभी होती. हिंगोलीच्या बसस्टँडवर मी काय बोलले होते, ते तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिनं त्याला ते सांगितलेलं नव्हतं. मी त्याचे जोडलेले हात धरले आणि त्याला तसंच मामांकडे वळवलं.